जड होत गेलेलं पाणी

१२ जानेवारी

आईच्या झऱ्याची बाटली आज यंत्रावर लावली. उणे अडतीस.

यंत्रात पाणी सोडणारी सुई धुऊन बाटली पुन्हा लावली. उणे अडतीस.

हे पाणी बाबा मोजत होते, त्यांच्यानंतर मी मोजते. घरामागच्या डोंगरातला तो झरा कधी उणे बेचाळीस सोडून हलला नाही, हललाच तर अर्ध्या-पाऊण आकड्याने. पाऊस कमी पडो, जास्त पडो, डोंगराच्या पोटात कित्येक वर्षांचं पाणी एकत्र कालवलं जातं आणि बाहेर येते ती सरासरी. बाबा म्हणायचे, आपल्या घरात वक्तशीर असा एकच, तो झरा.

कितीतरी पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना मी हे समजावलंय, आज स्वतःला समजावते. पाण्यात दोन वजनांचा हायड्रोजन असतो. बहुतेक सगळा हलका, हजारोंत एखादा जड. समुद्राला शून्य धरायचं. ढग डोंगर चढताना जड पाणी आधी टाकून देतो, म्हणून वर पडणारं पाणी हलकं आणि आकडा उणे. उणे बेचाळीस म्हणजे आमचा डोंगर. उणे अडतीस म्हणजे दुसरं काहीतरी त्यात मिसळलंय.

किंवा कुणीतरी काहीतरी केलंय.

१३ जानेवारी

यंत्र सांभाळणारा माझा सहकारी एकेक शब्द तोलून बोलतो, म्हणून आम्ही त्याला तराजू म्हणतो. त्याला विचारलं, काल सकाळी सुई नीट धुतली होतीस का?

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंस."

"राग आला?"

"नोंद घेतली."

त्याने माझ्यासमोर आकडा आधीच पक्का ठाऊक असलेली तीन पाणी लावली. तिन्ही बरोबर आली. मग हळूच म्हणाला, "ऑक्सिजनचा आकडाही बघून ठेव. यंत्र दोन्ही देतं."

मी म्हटलं, ही मालिका हायड्रोजनची आहे. बाबांच्या काळी पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढून मोजत, ऑक्सिजनचं यंत्रच नव्हतं. जुनं आणि नवं एका रांगेत राहावं म्हणून मी आजवर आकड्यांचा तेवढाच स्तंभ उतरवत आले. त्याने खांदे उडवले.

त्याला सुईवरून माझं लक्ष दुसरीकडे वळवायचं होतं का? असं वाटलं, म्हणून लिहिते. वाटायला नको होतं.

२० जानेवारी

आईला फोन केला. पाणी कसं भरतेस, असं थेट विचारणं म्हणजे तिचा अपमान. ही पद्धत बाबांनी तिला शिकवली आणि तिने ती बाबांपेक्षा कडक पाळली. बाटली झऱ्यात तीनदा विसळायची. काठोकाठ भरायची. घरी आणून खिडकीत ठेवायची, बुडबुडे वर येऊन निघून जाईपर्यंत. मग झाकण, मग पट्टी. एकदा बाबांनी घाईत बुडबुड्यासकट झाकण लावलं, तर तिने ती बाटली सरळ झाडाला ओतली होती.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"जेवले. झऱ्याला पाणी कसं आहे?"

"आहे की. तो कुठे जातोय. तुझा तो टकलू साहेब अजून छळतो का गं?"

मी हसले. टकलू साहेब निवृत्त होऊन जमाना झाला. आई अजून त्याच्यावरून चिडवते.

"जेवलीस का?" तिने पुन्हा विचारलं. आयांना खरं वाटतच नाही.

मग फोन वहिनीने घेतला. दादा-वहिनी आईबरोबरच राहतात. वहिनी म्हणाली, "आताशा झऱ्यावर मी जाते आईंबरोबर."

"का?"

"वाट निसरडी आहे."

या दिवसांत? ती वाट या दिवसांत पापडासारखी कोरडी असते.

६ फेब्रुवारी

पार्सल आलं. महिन्याला एक बाटली यायची, यात दोन निघाल्या आणि दोन्हींवर तारीख एकच. अक्षर आईचंच, पण ओळ खाली घसरलेली, जणू कुणीतरी शेजारी उभं राहून घाई करतंय.

दोन्ही बाटल्या काठोकाठ नाहीत. वर बोटाच्या पेराएवढी जागा. आणि झाकणावरची पट्टी उलटी गुंडाळलेली. आई उजव्या हाताची, तिची पट्टी नेहमी एकाच बाजूला फिरते. वहिनी डावरी आहे.

आकडे उणे छत्तीस आणि उणे चौतीस.

म्हणजे बाटली आईच्या हातून निघाल्यावर कुणीतरी उघडते. उघडून काय करते ते कळत नाही. तराजूला सांगितलं तर म्हणाला, "कुठेतरी पाणी मुरतंय." आपल्या विनोदावर तो कधीच हसत नाही, त्यामुळे तो विनोद होता का हेही कळत नाही.

९ फेब्रुवारी

आज एकदम लक्षात आलं.

बोगदा. डोंगराच्या पलीकडच्या नदीचं पाणी वीजघराला आणणारा बोगदा आमच्या घराच्या वरच्या अंगाने जातो. मागच्या वर्षी त्यात पाणी सोडलं. त्या नदीचं जुनं पाणी आमच्या कपाटात आहे, त्याचा आकडा उणे वीस. बेचाळीसमध्ये वीस मिसळत गेलं तर अडतीस, छत्तीस, चौतीस असंच येणार. बाटलीगणिक जास्त.

बोगदा गळत असेल तर ते पाणी डोंगराच्या मातीत दाबाने शिरतंय. उताराखाली अकरा घरं. पहिलं आमचं, म्हणजे आईचं.

आणि बोगद्याच्या देखभालीवर देखरेख कुणाची, तर दादाची.

११ फेब्रुवारी

दादाला फोन. मी नुसतं म्हटलं, झऱ्याचे आकडे बदललेत.

तो म्हणाला, "शास्त्रज्ञबाई, ते बाटल्यांचं आता बंद कर."

"का?"

"आईला झेपत नाही."

"आई तर म्हणते, झेपतं."

"आई म्हणणारच. फोनवर नको बोलायला. तू ये एकदा."

"फोनवर का नको?"

"आई इथेच बसलीय."

"मग आईसमोर न बोलण्यासारखं काय आहे?"

"ये म्हटलं ना," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

माझा दादा. लहानपणी माझ्या वाटणीची शाईची दौत सांडली तर आपली अर्धी मला ओतून देणारा. हा माणूस अकरा घरांवरचा धोका दाबून ठेवेल? नाही. पण नोकरी जाईल म्हणून आठवडा-दोन आठवडे डोळे मिटेल? आपोआप थांबेल गळती, असं स्वतःला समजावेल? माणसं असं करतात. मी त्याच्या जागी असते तर केलं नसतं, असं इथे लिहिणार होते. नाही लिहिलं.

१९ फेब्रुवारी

दुपारी वहिनीचा फोन, माझ्या कामाच्या वेळी. तिचा फोन सहसा येत नाही.

"तुला पाणी हवंच असेल तर मी भरून पाठवू का? आईंना नको सांगायला. त्यांना सांगू, त्यांचीच बाटली गेली म्हणून."

मी विचारलं, "म्हणजे आईच्या नावावर तुझी बाटली?"

"त्यात काय एवढं? पाणीच तर आहे."

मी म्हटलं, आईच भरेल. ती म्हणाली, "बरं बाई." फोन ठेवताना तिचा आवाज ओला होता, की मला तसा वाटला. सापडलेल्या माणसाचाही आवाज ओला होतो.

सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. तराजू, वहिनी, दादा, टपालवाला, मी स्वतः. आई सोडून कुणीही असू शकतं.

२७ फेब्रुवारी

नवी बाटली. उणे तीस. तारखेच्या जागी नुसता महिना, तोही चुकीचा. आईने एवढ्या वर्षांत एकदाही तारीख चुकवलेली नाही. वर मोकळी जागा आता दोन पेरं. आता हे चालढकल करण्यासारखं राहिलं नाही.

१ मार्च

बोगद्यांची तपासणी करणाऱ्या कार्यालयाला माझ्या नावाने टिपण पाठवलं. मालिका, आकडे, अंदाज. दादाचं नाव कुठेही लिहिलं नाही. लिहायची गरज नव्हती, पदाचा उल्लेख पुरेसा होता.

पाठवण्याआधी तराजूला वाचायला दिलं. त्याने विचारलं, "भावाशी समोरासमोर बोललीस?"

"तो बोलत नाही."

"ये म्हणाला होता ना?"

"मला गप्प बसवायला."

त्याने कागद परत दिला. "दुसरा आकडा जोडलेला नाहीस," म्हणाला. मी म्हटलं, या मालिकेत तो नसतो. त्याने नोंद घेतली असावी.

पाठवल्यावर जेवण गेलं नाही. आई त्या उताराखाली झोपते. तेवढंच धरून बसले.

८ मार्च

बोगद्याचं पाणी थांबवलं. तपासणी होईपर्यंत अकरा घरांना शाळेच्या हॉलमध्ये हलवलं. दादाला कामावरून दूर ठेवलंय.

वहिनीचा फोन. या वेळी आवाज कोरडा होता.

"तू लिहिलंस?"

"हो."

"हॉलमध्ये आई कालपासून विचारतायत, आपण कुणाच्या लग्नाला आलोय. त्यांना काय सांगू तेवढं कळव."

मी म्हटलं, "तिला घाबरवू नका, नीट समजावून सांगा."

वहिनी हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग तिने फोन ठेवला. इतक्या गर्दीत म्हातारं माणूस गोंधळणारच. एवढ्यावरून टोमणा मारायची काय गरज होती?

१३ मार्च

तपासणीवाल्यांनी बोगदा आतून पायी चालून पाहिला. कुठे भेग नाही. लोकांना घरी सोडलं. दुकानात वहिनीला कुणीतरी म्हणालं, नणंद असावी तर अशी.

कार्यालयाला सगळे मूळ आकडे हवेत, दोन्ही स्तंभ. तराजूने ते काढले आणि न विचारता कागदावर ठिपके मांडले. आडवा ऑक्सिजन, उभा हायड्रोजन. पावसाची रेघ त्याने हातानेच ओढली. जमिनीवर पडणारं पाणी कुठलंही असो, त्या रेघेच्या आसपासच राहतं, आमचा झराही आणि पलीकडची नदीही.

नव्या बाटल्यांचे ठिपके रेघ सोडून उजवीकडे कलत गेले होते.

"हे नदीचं नाही," तराजू म्हणाला. "नदी मिसळली असती तर ठिपके रेघेवरूनच वर चढले असते. हे पाणी कुठूनच आलेलं नाही. जे होतं त्यातलंच हलकं उडून गेलंय. मागे उरलं ते जड."

"म्हणजे?"

"बाटली उघडी होती. थोडाथोडका वेळ नाही."

हा स्तंभ प्रत्येक वेळी माझ्यासमोर पडद्यावर होता. मी हाताने झाकल्यासारखा तो सोडून द्यायची. बाबांना दिसत नव्हतं, म्हणून मीही बघितलं नाही.

म्हणजे बोगदा गळत नाही. पण मग बाटल्या मुद्दाम कोण उघड्या ठेवतं? वहिनीच. मला खोटं पाडायला? उद्या घरी जायला निघते. समोर बसून विचारते.

१५ मार्च

घरी. दादाने दार उघडलं, "ये," म्हणाला आणि बाजूला झाला. एवढंच. वहिनीने पाणी दिलं. मी तिच्या हाताकडे बघत होते.

आईने मला कुरवाळलं. वाळलीस म्हणाली. मी म्हटलं, चल, झऱ्यावर जाऊ, मला बाटली हवीय.

वाटेवर ती माझ्यापुढे. कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते तिच्या पायांना माहीत. झऱ्यावर तिने बाटली विसळली, एकदा, दोनदा, तीनदा. काठोकाठ भरली. तिच्या हातात तीच जुनी ऐट. मला एकदम हलकं वाटलं. आईचं काही चुकत नव्हतं. आता घरी जाऊन वहिनीवर नजर ठेवायची, एवढंच काम उरलं होतं.

घरी आईने बाटली खिडकीत ठेवली, बुडबुडे जायला. झाकण शेजारी. आणि आत गेली. मी समोरच्या खुर्चीत मासिक धरून बसले.

दुपार गेली. वहिनी खिडकीकडे फिरकली नाही. आई दोनदा आली. एकदा पडदा सारून गेली. एकदा बाटली उचलली, उजेडात धरून पाहिली आणि मला विचारलं, "हे काय गं, तुझं औषध?"

"पाणी आहे आई."

"मग झाकण लावून ठेवावं. धूळ जाते." असं म्हणून तिने बाटली होती तिथेच ठेवली, तशीच उघडी.

१६ मार्च

सकाळी आई फडकं घेऊन खिडकी पुसत होती. झाकण उचललं, खाली पुसलं, परत ठेवलं. बाटली उचलली, खाली पुसलं, परत ठेवली. दोन्ही एकमेकांशेजारी, नीट, ओळीत. मी बघत होते, आता तरी झाकण लावेल. ती पुढच्या खिडकीकडे गेली.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. बाहेर अंगणात मी तिला गाठलं.

"हे कधीपासून?"

"कधी दोन दिवस उघडी राहते, कधी आठवडाभर. कधी एक भरलीय हे विसरून दुसरी भरून आणतात. मला दिसली की मी झाकण लावते, पट्टी लावते, तारीख तेवढी त्यांच्याकडून लिहून घेते. पाठवलीच नाही असं कळलं तर रडतात. तुझ्या बाबांचं काम आहे ना ते."

"मला सांगायचंस."

"तू दर फोनला बाटलीचं विचारायचीस. आईंचं कधी विचारलंस?" तिने दोरीवरची चादर ओढून काढली. "ह्यांनी बोलावलं होतं तुला. फोनवर आईंदेखत कसं सांगायचं? त्यांना कळतं गं. आपल्याला कळत नाहीय, एवढं त्यांना कळतं."

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही घडी घातली. मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मला नको. त्याला जाऊन म्हण."

दादा मागच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले, कार्यालयाला टिपण मागे घेतल्याचं लिहिते म्हणून सांगितलं, चूक माझी आहे असंच लिहिते म्हणून सांगितलं.

"लिही," म्हणाला. "कामावर परत घेतील की नाही, बघू." मग माझ्याकडे वळून, "तुला खरंच वाटलं? मी आईला गळक्या डोंगराखाली झोपू देईन?"

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणणं खोटं झालं असतं.

तो उठून आत गेला. रात्री ताटावर माझ्याशी बोलला नाही, पण आईला म्हणाला, "हिला भाजी वाढ, हिने घेतलेली नाही."

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहू शकणार नाही. काल खुर्चीत बसल्या बसल्या दुपार कलायला लागली, तेव्हा मला वाटून गेलं होतं की बोगदा गळत असता तर बरं झालं असतं. गळती बुजवता येते.

२९ मार्च

आईला घेऊन तिघेही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईला दुसऱ्या खोलीत चित्रं, घड्याळ असं काही काढायला बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारलं, हे कधी सुरू झालं?

दादा म्हणाला, हिवाळ्यात. वहिनी म्हणाली, त्याआधी, पण नक्की नाही सांगता येत.

मी सांगितलं, "ऑगस्ट."

निघण्याआधी तराजूकडून मागचे सगळे ऑक्सिजन काढून घेतले होते. हायड्रोजन तेव्हा उणे साडेएक्केचाळीसवर होता, मी नेहमीची थरथर म्हणून सोडून दिला होता. ऑक्सिजन मात्र सरकला होता. जुलैची बाटली रेघेवर, ऑगस्टची किंचित बाहेर, पुढची आणखी. मध्ये ऑक्टोबरची पुन्हा अगदी रेघेवर. त्या महिन्यात तिला झाकण आठवलं होतं. ऑगस्टमध्ये मी घरी होते. ती बाटली मीच बरोबर आणली, आईने माझ्यासमोर बॅगेत ठेवली. काही जाणवलं नाही. तिच्या हातचा चहा नेहमीपेक्षा गोड होता, तेवढं आठवतं. मी आवडीने प्यायले होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इतकं नेमकं कसं सांगता? मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, ऑक्टोबरचंही.

बाहेर बाकावर दादा माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधी तुला कळलं होतं."

टोचून म्हणाला असता तर उत्तर देता आलं असतं. तो नुसता आश्चर्याने म्हणाला. वहिनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग तोच हात उचलून माझ्याही.

आई आतून आली. चिडली होती.

"शाळेतल्यासारखं विचारतात. आज वार कोणता, महिना कोणता. मी म्हटलं, बाहेर माझी मुलगी बसलीय, तिला विचारा. मोजायचं काम तिचं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "जेवलीस का?"

"नाही," मी म्हटलं. खरंच जेवले नव्हते.

"चला मग," आई म्हणाली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागली.